ध्यानातून उठताना तुम्ही काय करता?

ध्यानाला कसं बसायचं यावर खूप बोलणं होतं, उठायचं कसं यावर फारसं होत नाही. म्हणून हा धागा. सुरुवात माझ्यापासून करते.

पहिली 2 वर्षं गजर वाजला की मी ताडकन उठायचे. बैठक छान झालेली असायची, पण अर्ध्या तासात घरातल्या कुणावर तरी खेकसायचे. डोकंही जड. ध्यान मला मानवत नाही असंच वाटू लागलं होतं. एका जुन्या साधिकेने एवढंच विचारलं, "उठतेस कशी गं?" तेव्हापासून गजर बंद केला की डोळे मिटूनच 5 मिनिटं बसते. मंत्र नाही, श्वासावर लक्ष नाही, काहीच करायचं नाही. मग बोटं हलवते, तळवे डोळ्यांवर ठेवते. महिन्याभरात चिडचिड ओसरली. तुमचं लिहा. जमलं नसेल तर तेही लिहा.

*

मी भावातीत ध्यान करतो. 20 मिनिटं झाली की मंत्र सोडून 2-3 मिनिटं डोळे मिटून बसायचं, हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. मी ते शिष्टाचारासारखं धरलं होतं. एकदा मध्येच फोन वाजला, धावत जाऊन घेतला, आणि संध्याकाळपर्यंत कपाळ ठणकत राहिलं. आता तसं झालंच तर बोलणं उरकून परत येऊन बसतो.

*

माझं वय 67, रक्तदाबाची गोळी चालू. ध्यानातून उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी यायची, आणि मी त्याला ध्यानाची खोली समजत होतो. डॉक्टरांनी समजावलं: बराच वेळ बसून एकदम उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं, दाब क्षणभर घसरतो. पडलो असतो तर हाड मोडलं असतं. आता आधी घोटे फिरवतो, पाय लांब करतो, मग भिंतीला धरून उठतो. माझ्या वयाच्या सगळ्यांना कळकळीने सांगतो, यात हयगय करू नका.

*

मी आडवी होते. हठयोगप्रदीपिकेत शवासनाला श्रम घालवणारं आणि चित्ताला विश्रांती देणारं म्हटलं आहे, आणि संध्याकाळी मला ते तंतोतंत पटतं. सकाळी मात्र नाही. 10 मिनिटांचा पाऊण तास होतो, आणि उठल्यावर जो जडपणा येतो त्यात बैठकीचा ताजेपणा पार बुडतो. त्यामुळे सकाळी भिंतीला टेकून बसते, तेही डोळे अर्धवट उघडे ठेवून.

*

घरात तान्हं बाळ आहे. 5 मिनिटं कुठून आणू? तीन सावकाश श्वास घेते आणि मगच पाय सोडते. तेवढ्यानेही फरक पडतो.

*

विपश्यनेचं 10 दिवसांचं शिबिर केलं. दहाव्या दिवशी मौन सुटलं आणि मी अखंड बोलत सुटलो. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. घरी पोचल्या पोचल्या फोन उघडून 10 दिवसांचे निरोप वाचून काढले, दुसऱ्या दिवशी कामावर हजर. आठवडाभर सोललेल्या कातडीसारखा वावरत होतो, कुणाचा साधा आवाजही टोचायचा. दुसऱ्या शिबिरानंतर 2 दिवस मोकळे ठेवले. चाललो, झोपलो, फोन दिवसातून एकदाच पाहिला. माझ्यापुरतं सांगायचं तर ते 2 दिवस शिबिराचेच होते.

*

हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. वडील गेल्यानंतर ध्यानात मी कोरडी असायचे, पण नंतर स्वस्थ बसलं की रडू फुटायचं. ते टाळायला मी गजर होताच उठून कामाला लागायचे. गेल्या महिन्यापासून उठत नाही. रडू येतं, थांबतं. काही दिवस नुसतेच बाबांचे हात आठवतात.

*

ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. येऊ द्या रडू. मात्र झोप उडाली किंवा दिवसभर मन सावरेनासं झालं तर बैठक छोटी करा आणि डॉक्टरांशी बोला, एकटीने रेटू नका.