ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा कशासाठी? तुमचे अनुभव लिहा

रामायण-महाभारतातली, भागवतातली एखादी पाठ झालेली गोष्ट कुणी पुन्हा सांगितली आणि ती मनात घर करून राहिली, असं झालंय कधी? पुस्तक, कीर्तन, नाटक, आजी, काहीही चालेल. फक्त ‘छान होतं’वर थांबू नका. माझं मत आधीच सांगते: मूळ कथा जिथून भरकन पुढे जाते तिथे सांगणारा थांबला, तरच मला ती पुन्हा ऐकावीशी वाटते.

पाषाणहून
उन्हाळ्यात वेताळ टेकडीच्या उतारावर गवत पेटलं होतं. सात वर्षांची लेक गच्चीतून बघत विचारत राहिली, पक्ष्यांचं काय होणार? मला महाभारतातलं खांडववन आठवलं. ते कृष्णार्जुनांनी जाळलं हे आपण एका वाक्यात उरकतो, कारण पुढे मयसभा असते. पण त्या वनात जरिता नावाची पक्षीण आहे. चार पिल्लं, पंख न फुटलेली. ती म्हणते, उंदराच्या बिळात शिरा, मी वरून माती लोटते. पिल्लं म्हणतात, उंदराने खाण्यापेक्षा आगीत मेलेलं बरं. तू जा, तुला पुन्हा पिल्लं होतील. आणि ती जाते. इथे मला पुढे बोलवेना. पिल्लं शेवटी वाचतात, अग्नी त्यांना सोडतो, पण लेकीचं लक्ष तिथे नव्हतंच. ‘पळून जाणाऱ्यांना अर्जुन बाण का मारत होता?’ मी पदरचं एक अक्षर घातलं नव्हतं. गोष्ट सांगताना अर्जुनाच्या रथातून उतरून जरितेच्या झाडावर जाऊन बसले, एवढंच. मग इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ पुन्हा काढलं. खांडवदाहातल्या क्रौर्याबद्दल त्यांनी किती थेट लिहिलंय!

कोथरूडहून
पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका स्पर्धेसाठी आम्ही कर्णाच्या हातात मोबाइल दिला होता. प्रेक्षक हसले. पण कर्णाबद्दल आम्हाला नवं काही म्हणायचंच नव्हतं, आणि ते दिसलं. अजून वाईट वाटतं, कर्ण माझा फार लाडका.

डेक्कनहून
मयसभेत फसलेल्या दुर्योधनाला ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ असं द्रौपदी म्हणाली, हे मी चाळीस वर्षं खरं मानलं. भांडारकर संस्थेने हजारावर हस्तलिखितं ताडून १९६६ मध्ये पुरी केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत हसणं आहे, हे वाक्य नाही. भरसभेत जिची विटंबना झाली, तिच्यावरच दोष ढकलायला ते केवढं सोयीचं! पदरचं जरूर घाला, पण त्याचा भार कुणावर पडतो तेही बघा.

पुन्हा कोथरूडहून
पटलं. तरी गणपती लेखनिक झाला ती गोष्टही त्या आवृत्तीच्या मूळ पाठात नाही, आणि ती मी मुलांना सांगणारच.

सदाशिव पेठेतून
मी नारदीय कीर्तन शिकते. पूर्वरंगाला, म्हणजे आधीच्या निरूपणाला, घेतलेला अभंग बदलला की उत्तररंगातलं, म्हणजे नंतरच्या कथाभागातलं, तेच आख्यान वेगळं होतं, हे मला सुदाम्याने शिकवलं. अभंग मैत्रीचा घेतला की श्रोते द्वारकेकडे बघतात. एकदा मी याचनेवरचा घेतला. मग सुदाम्याची बायको पुढे आली. भागवतात तिला नावही नाही. घरात काही नाही म्हणून ती शेजारून चार मुठी पोहे मागून आणते आणि फडक्यात बांधून देते. त्या चार मुठींवर मी बराच वेळ थांबले. कीर्तन संपल्यावर एक आजी बुक्का लावून घेताना म्हणाल्या, ‘अगं, पण शेजारणींनी दिले ना पोहे? त्यांच्या घरी तरी कुठे भरलेले डबे असणार?’

पुढच्या खेपेला तिथे थांबणार आहे.