घटस्फोट, घर आणि गृहकर्ज: तुमचे अनुभव लिहा

घटस्फोटात मनाचं काय झालं यावर सगळे बोलतात, पैशाचं काय झालं हे कुणी सांगत नाही. आपल्याकडे (गोवा वगळता) लग्नानंतरच्या कमाईचे आपोआप निम्मे-निम्मे होत नाहीत. कागद कुणाच्या नावावर आणि पैसे कुणी भरले, इथूनच सुरुवात. पुढे पोटगी, स्त्रीधन, मुलांचा खर्च धरून तडजोड. ज्यांनी हे निस्तरलंय त्यांनी लिहा. नावं-गावं नकोत, कुठे अडलं आणि कसं सुटलं तेवढं सांगा.

मोरपीस
आमचा परस्परसंमतीचा. फ्लॅट दोघांचा, कर्जही दोघांचं. कन्सेंट टर्म्समध्ये (कोर्टात दिलेल्या तडजोडीच्या लेखी अटींत) 'फ्लॅट पत्नीकडे, पुढचे हप्ते पत्नीचे' असं लिहिलं आणि आम्ही निर्धास्त. बँकेतल्या बाई म्हणाल्या, "ही वाटणी तुमच्या दोघांतली. आमचं कर्ज अजून दोघांवरच आहे." त्याला मोकळं करायचं तर माझ्या एकटीच्या पगारावर पात्रता नव्याने तपासणार. ती बसेना. शेवटी भाऊ सहकर्जदार झाला. मधल्या काळात हप्ता थकला असता तर सिबिल दोघांचंही खराब झालं असतं, त्यामुळे तोही माझ्याइतकाच धास्तावलेला. मग हक्कसोडपत्र नोंदवलं, तेव्हा कुठे सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरून त्याचं नाव निघालं.

वकिलांनी हट्टाने घातलेलं एक कलम मात्र लाखमोलाचं: ठरलेल्या तारखेपर्यंत कर्ज एकाच्या नावावर झालं नाही तर फ्लॅट विकायचा, आधी बँक फेडायची, उरेल ते ठरल्या प्रमाणात. ही तारीख डोक्यावर होती म्हणून दोघंही हललो.

खडूस_काका
मुलीचं लिहितोय. स्त्रीधन वाटणीत येतच नाही, ते तिचंच. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच हे स्पष्ट केलंय. पण दाखवणार कशावरून? मुलीने लग्नाच्या अल्बममधला एकेक फोटो काढून त्याला सराफाची पावती टाचली. पाटल्या जुळल्या, तोडे जुळले, मोहनमाळ जुळली. तन्मणी फोटोत ठसठशीत दिसत होता, पण आजीचा असल्यामुळे पावती नाही. सगळ्यात जास्त भांडण त्याच्यावरच झालं! शेवटी मिळाला.

अनामिक
पुरुषाची बाजू. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. लपवाछपवी करू नका, पॅनवरून सगळं सापडतं आणि नंतर तुमच्या खऱ्या बोलण्यावरही विश्वास बसत नाही. मी एकरकमी दिली. दरमहा पोटगी घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते, एकरकमी साधारणपणे धरत नाहीत. देणाऱ्याला करात वजावट दोन्हीकडे नाही, तेव्हा त्या आशेवर आकडा वाढवू नका.

जास्वंद
नॉमिनी बदला. पीएफ, विमा, डीमॅट, सगळीकडे. हुकूमनामा आला म्हणून जुनं नाव आपोआप पुसलं जात नाही.

मोरपीस
@जास्वंद, +१. माझ्या पीएफला अजून त्याचंच नाव आहे, आजच बघते.

खडूस_काका
आणि मुलांचा खर्च ठरवताना फक्त आजची फी धरू नका. आम्ही दरवर्षी ठरावीक टक्के वाढ लिहून घेतली. समोरचे वकील कुरकुरले, पण नातू दहावीला गेला तेव्हा क्लासच्या पैशांसाठी कुणाला फोन करावा लागला नाही.