जुना डिजिटल कॅमेरा चालू झाला, पण कार्ड घेत नाहीये

जळगावकर: माळा आवरताना पप्पांचा जुना कॅननचा पॉवरशॉट सापडला, पेन्सिल सेल टाकले आणि लगेच चालू झाला! आत मुक्ताईनगरच्या यात्रेचे फोटो आहेत, आजी पण आहे त्यात, खूप भरून आलं. पण 32 जीबीचं नवीन कार्ड टाकलं की एरर येतो, काय करू?

भुसावळवाला: भाऊ, आधी जुन्या कार्डातले फोटो कार्ड रीडरने काढून घे, बाकी सगळं नंतर. साधं एसडी कार्ड 2 जीबीपर्यंतच असतं, त्यावरचं 32 पर्यंतचं एसडीएचसी, ते 2006 ला आलं, त्याआधीच्या कॅमेऱ्यांना वाचता येत नाही. जुनं 2 जीबीचं शोध, मोबाईल रिपेअरवाल्यांकडे पडलेलं असतं कधीकधी.

धुळ्याची ताई: आणि साधे सेल नको रे, फ्लॅश मारला की बसतात, रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइडवाले घे. वापरत नसशील तेव्हा काढून ठेव, गळाले तर कॉन्टॅक्ट खराब होतात. परत माळ्यावर तर अजिबात नको, आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली काय तापतं माहितीये ना!

जळगावकर: फोटो कॉपी केले ताई, दोन ठिकाणी ठेवलेत. आता कार्ड शोधतो.