सलाहुद्दीनच्या हातात कोणती तलवार काढू? वाकडी की सरळ?

रेघोट्या:
बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी इजिप्त आणि सीरियाचा सुलतान सलाहुद्दीन याच्यावर एक सचित्र पुस्तक होतंय, त्यातली चित्रं मी काढतोय. ११८७ मधली हत्तीनची लढाई, त्यानंतर जेरुसलेम आणि शेवटी ११९३ मध्ये दमास्कसमधला मृत्यू, एवढा पट आहे. कपडे, तंबू, घोड्यांचं सामान यांचं काम मार्गी लागलंय. अडलोय तो तलवारीपाशी. संहितेत ‘चंद्रकोरीसारखी वाकडी तलवार’ असं लिहिलंय आणि संपादकांनाही तीच हवी आहे. त्यांचं म्हणणं, फ्रँक, म्हणजे युरोपातून आलेल्या क्रुसेडी, सरदाराच्या हातात सरळ आणि सलाहुद्दीनच्या हातात वाकडी तलवार दिसली की कोण कुठल्या बाजूचा हे मुलांना लगेच कळतं.

पण इस्तंबूलच्या टोपकापी राजवाड्यात प्रेषितांच्या आणि त्यांच्या साथीदारांच्या म्हणून ज्या तलवारी जपल्या आहेत, त्यांचे फोटो पाहतोय तर बरीचशी पाती सरळ आणि दुधारी. आता काय काढू? शक्य तेवढं खरं काढायचं आहे. मूठ, म्यान, पट्टा यांबद्दलही कुणी सांगितलं तर फार मदत होईल.

आडवाट:
माझं मत शमशीर. इराणी शमशीरइतकी सुंदर रेषा दुसऱ्या कुठल्याही तलवारीला नाही आणि तुमच्यासारख्या चित्रकाराला ती काढायला मजाही येईल. मुलं काही पाचशे वर्षांचा फरक मोजत बसणार नाहीत.

मूठ_आणि_म्यान:
शमशीर काढू नका, अशी कळकळीची विनंती. बारा वर्षांचं मूल जे चित्र पाहतं ते त्याच्या डोक्यात साठ वर्षं राहतं. म्हणून मुलांच्या पुस्तकात तर जास्तच काळजी घ्यायला हवी.

माझं काम जुनी शस्त्रं साफ करण्याचं आणि त्यांचा गंज थांबवण्याचं. आखाती देशांतल्या संग्रहांमधली पाती माझ्या टेबलावरून जातात, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे. थोडं सविस्तर लिहिते.

आडवाट, शमशीर सुंदर आहे यात वादच नाही. पण अरुंद पात्याची, खोल बाकाची, मुठीचं टोक एका बाजूला वळलेली जी शमशीर तुमच्या डोळ्यांपुढे आहे, ती सफावी इराणची, म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकातली. तिचा सगळा जीव ओढून कापण्यात आहे. घोडा दौडत असताना वार लागतो, पातं पुढे सरकतं आणि बाकामुळे धार मांसावरून घसरत खोल जाते. भोसकायला ती अवघड. इस्फहानच्या असदुल्लाची सही असलेल्या शमशिरी जगभरच्या संग्रहांत आहेत. त्यांवरच्या तारखा इतक्या लांबवर पसरलेल्या आहेत की त्या एका माणसाच्या हातून होणंच शक्य नाही. नाव मोठं झालं आणि पुढच्या कारागिरांनी ते पात्यावर उमटवलं. सलाहुद्दीनच्या हाती ती देणं म्हणजे त्याला चारशे वर्षं पुढे नेऊन ठेवणं.

त्याच्या काळी सीरिया आणि इजिप्तमध्ये मुख्य तलवार सरळ आणि दुधारीच होती. अरबांकडे ती इस्लामच्या आधीपासून होती. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदी या विद्वानाने खलिफा मुअतसिमसाठी तलवारींवर एक प्रबंध लिहिला. त्यात तो पोलादाचा प्रकार आणि तलवार कुठली, यांवरून वर्ग पाडतो. येमेनी तलवारींचा मान मोठा, हिंदी तलवारींचाही, आणि सरंदीबहून म्हणजे श्रीलंकेहून येणाऱ्या पोलादाचाही उल्लेख आहे. त्या काळच्या जाणकाराची नजर आधी पोलादावर जायची, हे मला फार मोलाचं वाटतं.

वाकडी तलवार आली ती मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशातून, घोड्यावर वाढलेल्या तुर्की टोळ्यांबरोबर. पूर्वेकडे, खुरासानात (आजच्या ईशान्य इराणच्या भागात), ती आधी पोचली होती. निशापूरच्या उत्खननात नवव्या-दहाव्या शतकातलं एक एकधारी, किंचित बाक असलेलं पातं सापडलं आणि ते आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात आहे. त्यामुळे सलाहुद्दीनच्या सैन्यातल्या एखाद्या तुर्की घोडेस्वाराच्या कमरेला हलक्या बाकाची तलवार दाखवलीत तर ती चूक ठरणार नाही. मात्र बाक हलकाच ठेवा. तेराव्या शतकात मंगोल आले, त्यानंतर वाकड्या पात्याचा प्रसार वाढला आणि मामलुकांच्या, म्हणजे सलाहुद्दीनच्या घराण्यानंतर इजिप्त-सीरियावर राज्य करणाऱ्या गुलाम-सैनिकांच्या, काळात ती सर्रास झाली. तरीही मामलुक सुलतान गादीवर बसताना त्याला जी तलवार बांधत, ती जुन्या अरबी घडणीची, ‘बदवी’ म्हणून ओळखली जाणारी. रोजच्या लढाईत वाकडी आणि मानाच्या प्रसंगी पूर्वजांची.

आता चित्रापुरतं. पातं हातभर लांब, रुंद, मधून उथळ खोबण. परज, म्हणजे मुठीपुढची आडवी दांडी, आखूड, तिची टोकं पात्याकडे थोडी झुकलेली चालतील. फ्रँक तलवारीची परज लांब आडव्या दांडीची आणि मुठीच्या टोकाला जड चकती, हा फरक जवळून काढलेल्या चित्रात नीट दाखवता येईल. तलवार खांद्यावरून तिरक्या आलेल्या पट्ट्याला लटकवणं ही जुनी अरबी पद्धत. कमरपट्ट्याला लटकवणं तुर्कांबरोबर आलं. दोन्ही दाखवा, माणूस पाहून.

टोपकापीच्या तलवारींवरून मुठी मात्र उचलू नका. तिथल्या कित्येक पात्यांना ओटोमन सुलतानांनी भक्तिभावाने सोन्याच्या, रत्नजडित मुठी नंतर बसवल्या आहेत. पातं एका शतकाचं आणि मूठ भलत्याच शतकाची, हे माझ्या कामात नेहमीचं. लढणाऱ्याच्या हाती गेलेली तलवार मूठ बदलत बदलतच पुढच्या पिढीकडे येते.

राहिली संपादकांची अडचण. बाजू ओळखू यायला तलवारच कशाला हवी? धनुष्य आणि बाणांचा भाता द्या. हत्तीनला फ्रँकांना तहानेइतकंच घोडेस्वार तिरंदाजांनी हैराण केलं होतं. ढाल गोल काढा, शिरस्त्राणाभोवती फेटा दाखवा. मुलांना नक्की कळेल.

रेघोट्या:
ताई, याहून चांगलं उत्तर मला मिळालंच नसतं. संपादकांना तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा पाठवतोय. आणखी दोन शंका. सरळ तलवार दिली तर दोन्ही बाजूंची हत्यारं जवळजवळ सारखी दिसतील, हे इतिहासाला धरून आहे का? दुसरं, संहितेत एक प्रसंग आहे. इंग्लंडचा राजा रिचर्ड तलवारीने लोखंडी दांडा तोडतो आणि सलाहुद्दीन हवेत सोडलेली रेशमी ओढणी पात्यावर कापतो. तिथे दमास्कस पोलादावरच्या त्या लाटा काढायच्या आहेत. काढू का?

मूठ_आणि_म्यान:
सारखी दिसतील आणि ते खरंच तसं होतं. पुढच्या काळातला एक पुरावा तर हातात धरता येतो. अलेक्झांड्रियाच्या शस्त्रागारात जमा झालेल्या युरोपीय तलवारी आज निरनिराळ्या संग्रहालयांत आहेत. चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या या तलवारींच्या पात्यांवर मामलुकांनी अरबीत नोंदी कोरून घेतल्या. भेट म्हणून आलेल्या असोत की लुटीतल्या, त्या शस्त्रागारात मानाने ठेवल्या गेल्या. पोलाद चांगलं असलं की ते कुणाचं, याचा विधिनिषेध सैनिक बाळगत नाही.

ओढणीचा प्रसंग मात्र काढून टाकायला सांगा. तो १८२५ च्या एका इंग्रजी कादंबरीतला आहे. रिचर्ड आणि सलाहुद्दीन प्रत्यक्षात एकमेकांना कधी भेटलेच नाहीत. निरोपे जात-येत होते, बोलणी सलाहुद्दीनचा भाऊ अल-आदिल करायचा. मुलांच्या पुस्तकात ही भेट इतिहास म्हणून जाऊ नये.

वाकड्या तलवारीचं चित्रही युरोपच्या मनात त्याच सुमाराला घट्ट झालं. नेपोलियन १७९८ मध्ये इजिप्तमध्ये उतरला, मामलुक स्वारांशी गाठ पडली आणि परतलेल्या अधिकाऱ्यांना त्यांच्यासारखी तलवार हवीशी झाली. अमेरिकेच्या मरीन अधिकाऱ्यांनी १८२५ मध्ये मामलुक घाटाची तलवार घेतली, ब्रिटिश सेनापतींसाठी १८३१ मध्ये तिचा नमुना ठरला. एकोणिसाव्या शतकात डोळ्यांपुढे होती तीच तलवार मग चित्रकारांनी मागच्या हजार वर्षांना लावून टाकली.

मूस_आणि_भाता:
लाटांबद्दल मी सांगतो, धातुशास्त्र शिकवतो म्हणून. त्या लाटा म्हणजे जौहर, आणि तो वरून काढलेली नक्षी नसतो. लोखंड आणि कार्बन देणारा लाकूडपाला बंद मुशीत वितळवायचा, मूस सावकाश थंड होऊ द्यायची. यातून दीड टक्क्याच्या आसपास कार्बन असलेला पोलादाचा गोळा मिळतो. असे गोळे गोवळकोंड्याच्या परिसरातून आणि दक्षिणेतून मच्छलीपट्टणमार्गे इराणपर्यंत जात. गोळा कमी आचेवर, लालसर रंगावरच ठोकायचा. आच वाढली की जौहर विरून जातो. ठोकताना लोखंड-कार्बनचे कठीण कण ओळींत बसत जातात आणि शेवटी पात्याला सौम्य आम्ल लावलं की त्या ओळी उजळ दिसतात. व्हरहोवेन हे धातुशास्त्रज्ञ आणि पेंड्रे हे लोहार, दोघांनी मिळून अशी पाती नव्याने घडवली. त्यांच्या अभ्यासात दिसलं की कण ओळीने बसायला व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अगदी लेशमात्र अंश पुरतो. ठरावीक खाणींचं लोखंड मिळेनासं झाल्यावर ही विद्या का आटली असावी, याचं ते एक पटणारं स्पष्टीकरण आहे.

आज बाजारात दमास्कस म्हणून मिळणाऱ्या सुऱ्या बहुतेक दोन प्रकारच्या पोलादाचे थर जोडून केलेल्या असतात. ते कामही कौशल्याचं, पण वेगळं. त्या सुऱ्या समोर ठेवून चित्र काढू नका. त्यांच्या रेषा ठळक आणि ठरावीक असतात. जौहर बारीक असतो, प्रकाशात पातं फिरवल्यावर हलल्यासारखा वाटतो.

मूठ_आणि_म्यान:
अगदी बरोबर. आणि इथे एक पोटतिडकीची गोष्ट सांगते. जुनी तलवार घरात सापडली की लोक ती आधी घासतात. पॉलिशच्या चाकावर धरतात, आरशासारखी चकचकीत करतात. त्यात जौहर दिसेनासा होतो, कोरलेली अक्षरं झिजतात, सोन्याची तार उखडते. मऊ कापड, थोडं तेल आणि कोरडी जागा एवढं पुरे असतं. तांबूस डाग राहिले तर राहू द्यावेत.

रेघोट्या, सलाहुद्दीनच्या पात्यावर जौहर सुचवा, पण पुसटसा. त्याच्यासाठी अल-तरसूसीने शस्त्रांवर ग्रंथ लिहिला, त्यात तलवारीचं पोलाद तयार करण्याच्या कृती आहेत. त्याची एक हस्तलिखित प्रत ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. पोलादाची बारकाईने चौकशी करणारा तो दरबार होता.

वाळूघड्याळ:
ओमानमध्ये राहतो म्हणून एक भर. सरळ तलवार इथे अजून हातात आहे. ओमानी कत्तारा म्हणजे लांब, पातळ, लवचीक, दुधारी पातं आणि लांब गोल मूठ, परज नाहीच. डाव्या हातात तुर्स नावाची लहान गोल ढाल. ईदला किंवा लग्नात रझहा हा तलवारींचा नाच होतो तेव्हा पुरुष पातं असं थरथरवतात की ते लकाकत राहतं, मग तलवार उंच फेकून मुठीतच झेलतात. म्हातारी माणसं हे इतक्या सहज करतात की पाहणाऱ्याचा श्वास अडकतो. तलवार हातात घेऊन होणारं अल-आझी हे काव्यगायन २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं.

मूठ_आणि_म्यान:
कत्ताराची आठवण काढलीत, फार बरं वाटलं. सुदानचा कस्कारा आणि सहारातल्या तुआरेगांचा तकोबाही सरळ आणि दुधारी. १८९८ मध्ये सुदानमधल्या ओमदुर्मानच्या रणावर महदी या धर्मनेत्याच्या अनुयायांच्या हाती कस्काराच होते. आडवी परज पाहून काही युरोपीयांना त्या क्रुसेडच्या वेळच्या उरलेल्या तलवारी वाटल्या. उलट ओटोमनांकडे किलिज पाहा. तिचं पातं टोकाशी रुंद होतं, त्या भागाला यलमान म्हणतात, तिथल्या वजनाने वार जड बसतो. त्यांचाच यातागान पुढच्या बाजूला वाकतो, त्याला परज नसते आणि मुठीला दोन कान असतात. अल्जीरियातल्या कबाइल लोकांचा फ्लिसा सुईसारख्या टोकाचा. एका धर्माची अशी एक तलवार नव्हतीच. वाळवंटात पायी लढणारा, गवताळ प्रदेशातला स्वार, समुद्रावरचा खलाशी, प्रत्येकाने आपल्या लढण्याला साजेशी घडवून घेतली.

रेघोट्या:
संपादकांचा फोन येऊन गेला. सरळ तलवार मान्य, ओढणीचा प्रसंग रद्द. त्या पानावर आता हत्तीननंतरचा तंबू येतोय, सलाहुद्दीन कैदेतल्या जेरुसलेमच्या फ्रँक राजा गीला थंड पाणी देतो तो क्षण. त्या वेळी तलवार कुठे असेल, ताई? बसलेला आहे तो.

मूठ_आणि_म्यान:
म्यानात, पट्ट्यासकट डाव्या हाताशी ठेवलेली काढा. म्यान लाकडाचं, वरून काळं किंवा गडद तांबडं कातडं, तोंडाशी आणि टोकाशी धातूचं बोंड. सोनं वापरू नका. तो साधा राहायचा, हे त्याच्याबरोबर राहिलेल्या बहाउद्दीन इब्न शद्दादने लिहून ठेवलंय. आणि मूठ उजव्या हाताला चटकन सापडेल अशी ठेवा, कारण त्याच तंबूत थोड्या वेळाने रेनाल्ड या कैदी फ्रँक सरदारावर ती उपसली जाणार आहे.