मदत हवी आहे: आईसोबत पहिल्यांदाच जपान, १६ दिवस

नमस्कार. नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आईला घेऊन जपानला चालले आहे. तिकिटं काढून झाली, त्यामुळे आता मागे फिरणं नाही. मी आधी दोनदा परदेशी गेलेय, पण ऑफिसच्या कामाने. हॉटेल ते मीटिंग आणि मीटिंग ते हॉटेल, त्याला प्रवास म्हणायचं तर म्हणा. आई ७१ वर्षांची, तिचा हा पहिलाच परदेश. सपाटीवर छान चालते, पण जिना उतरताना उजवा गुडघा कुरकुरतो आणि जमिनीवर बसली की उठायला हात द्यावा लागतो. शाकाहारी, अंडंही नाही. रक्तदाब आणि थायरॉइडच्या गोळ्या रोज.

बेत असा आहे: तोक्यो ५ रात्री, क्योतो ६, हिरोशिमा २, कोयासान १, ओसाका १ आणि तिथूनच परत. गेला महिनाभर व्हिडिओ बघतेय, पण ते सगळे पंचविशीतल्या मुलांचे. पाठीवर एक सॅक, दिवसाला वीस हजार पावलं, जेवायला मिळेल ते. त्यातलं आमच्या उपयोगाचं किती, तेच कळेनासं झालंय.

सगळ्यात जास्त घोर औषधांचा आहे. जपानमध्ये औषधांचे नियम कडक आहेत, आधी परवानगी काढावी लागते, असं कुणीतरी सांगितल्यापासून झोप उडालीय. आईच्या गोळ्या आणि नेहमीची सर्दी-खोकल्याची औषधं नेता येतील ना?

दुसरं, जपान रेल पास (पर्यटकांसाठीचा रेल्वेपास) घ्यावा का? आणि दोन मोठ्या बॅगा घेऊन ती सुप्रसिद्ध शिनकानसेन (बुलेट ट्रेन) कशी पकडायची? ती म्हणे स्टेशनात एखाद-दोन मिनिटंच थांबते. आईला आधी चढवू की बॅगांना?

जेवणाचं काय करायचं? कोयासानची रात्र खास त्यासाठीच ठेवलीय. तिथल्या देवळांत राहता येतं आणि शोजिन र्‍योरी म्हणजे भिक्षूंचं शाकाहारी जेवण मिळतं. निदान एक दिवस तरी आई निर्धास्त जेवेल.

सिमकार्ड, चलन वगैरे मी बघून घेईन. अनुभवी लोकांनी वरच्या गोष्टींवर सांगा, प्लीज.

प्रतिसाद

औषधांचं ऐकून घाबरू नका. डॉक्टरांनी लिहून दिलेली साधी औषधं स्वतःपुरती, एक महिना पुरतील इतकी, कुठल्याही परवानगीशिवाय नेता येतात. त्याहून जास्त न्यायची तर 'युन्यू काकुनिन-शो' नावाचं प्रमाणपत्र आधी ऑनलाइन अर्ज करून घ्यावं लागतं. तुमचे १६ दिवस आहेत, चार दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या घेतल्यात तरी महिन्याच्या आतच. चिठ्ठी सोबत ठेवा आणि गोळ्या मूळ पाकिटातच राहू द्या, डबीत सुट्या भरू नका.

खरी गडबड तुम्ही ज्याला 'नेहमीची' म्हणताय त्या सर्दी-खोकल्याच्या औषधांत असते. स्यूडोएफेड्रिनचं (नाक मोकळं करणारा घटक) प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असलेलं औषध आधी परवानगी न काढता तिथे नेणं बेकायदा आहे, डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधांनाही वेगळे नियम आहेत. पाकिटावरचे घटक वाचा आणि शंका वाटली तर घरीच ठेवा.

प्रतिसाद

पास घेऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा साधा पास २९,६५० वरून थेट ५०,००० येनवर गेला. तोक्यो-क्योतो आरक्षित तिकीट साधारण १४,००० येनला पडतं. पुढे हिरोशिमा आणि तिथून ओसाका धरलं तरी तुमची बेरीज पासच्या बरीच खाली राहते. कोयासानला जाणारी नानकाई तर खाजगी रेल्वे, तिथे हा पास चालतच नाही.

लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटीमीटरच्या वर जाणाऱ्या बॅगेला तोक्यो-क्योतो-हिरोशिमा शिनकानसेनमध्ये डब्यातल्या शेवटच्या रांगेमागची जागा आरक्षित करावी लागते. वेगळे पैसे नाहीत, पण न करता चढलात तर १,००० येन दंड. मी चढलो होतो. दंडाचं सोडा, अख्खा डबा एक शब्द न बोलता माझ्या बॅगेकडे बघत होता, ते जास्त लागलं.

पण तुम्ही बॅगा ओढूच नका. तिथे ताक्युबिन म्हणून सामान पोचवण्याची सोय आहे. हॉटेलच्या काउंटरवर पुढच्या हॉटेलचा पत्ता द्यायचा. तोक्योहून निघालेली बॅग बहुधा दुसऱ्या दिवशी क्योतोत हजर. एका रात्रीचे कपडे आणि आईंच्या सगळ्या गोळ्या मात्र हातातल्या पिशवीत. म्हणजे गाडीत फक्त आईंना चढवायचं.

प्रतिसाद

जेवणाबद्दल एक कटू गोष्ट. मांस नसलं की पदार्थ शाकाहारी, असं तिथे बरेच जण धरून चालतात. दाशी म्हणजे जो मूळ रस, तो बहुतेकदा वाळवलेल्या बोनिटो माशाचा असतो, आणि तो मिसो सूपमध्ये, नूडल्सच्या रसात, उकडलेल्या भाज्यांतसुद्धा असतो. नुसतं 'शाकाहारी' म्हणून भागत नाही. मांस, मासे, अंडी आणि माशाची दाशी नको, असं जपानीत लिहिलेलं कार्ड जवळ ठेवा. दुकानातल्या पाकिटांसाठी फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करता येतं.

कोयासानचा बेत उत्तम, पण गुडघ्याचं लक्षात घ्या. त्या देवळांत साधारणपणे तातामीवर (जमिनीवरच्या चटईवर) बसून जेवण आणि जमिनीवरच गादी. संध्याकाळचं जेवण साडेपाच-सहालाच असतं, उशिरा पोचून चालत नाही. खुर्ची आणि पलंग आहे का, हे बुकिंगआधी विचारा. काही ठिकाणी असतात.

क्योतोत फुशिमी इनारी या डोंगरावरच्या देवस्थानात खालचं मुख्य देऊळ बघून, वर जाणाऱ्या कमानींतून झेपेल तेवढंच चढा, कुठूनही मागे फिरता येतं. नोव्हेंबरअखेर पाचच्या आतच सूर्य मावळतो, म्हणून दुपारचा आराम सकाळी लवकर निघून वसूल करा. आणि टॅक्सीचं मागचं दार ड्रायव्हर आतूनच उघडतो-मिटतो, ओढू नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल औषधांचा डबा काढून बसले. आमच्या सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन निघालंच, त्या बाद. कोयासानच्या तीन देवळांना मेल केले. एकाचं उत्तर आलं: पलंगाची खोली आहे, जेवायला बुटकी खुर्ची देतील. 'बुटकी' म्हणजे किती, ते परत विचारलंय.

बॅगेचं आईला सांगितलं तर म्हणते, अनोळखी माणसाच्या हाती बॅग द्यायची आणि आपण रिकाम्या हाताने गाडीत बसायचं? मला नाही चैन पडायची. ताक्युबिनने सामान पाठवलेलं कुणी असाल तर पावती, नंबर वगैरे काय मिळतं ते सांगा. तिला दाखवायला काहीतरी हवं.