विषय: टोमॅटो, मिरची, वांग्याची कोवळी रोपं बाहेर लावल्यावर लागणारी कीड

नमस्कार मंडळी,

टोमॅटो, मिरची आणि वांग्याची रोपं चार-चार पानांवर आल्यावर परसातल्या वाफ्यात लावली आहेत. आठवड्यात तीन गोष्टी दिसल्या. टोमॅटोची दोन रोपं सकाळी जमिनीलगत कापून आडवी पडलेली, वांग्याच्या पानांना सुईने टोचावीत तशी बारीक भोकं, आणि मिरचीचे शेंडे आक्रसलेले. रासायनिक औषध वापरायचं नाही. कडुनिंबाचं तेल लिटरला १० मिली आणि भांडी घासायचं लिक्विड एकत्र करून सगळ्याच रोपांवर रोज संध्याकाळी फवारलं तर चालेल का?

————

उत्तर: विषय: टोमॅटो, मिरची, वांग्याची कोवळी रोपं...

ताई, ते मिश्रण आज तरी फवारू नका. एवढ्या कोवळ्या पानांना ते फारच कडक आहे, आणि तुमच्या तीन तक्रारींपैकी एकीवर त्याचा काहीच उपयोग नाही.

कापलेली रोपं हे रोपं कुरतडणाऱ्या अळीचं काम. ही अळी दिवसा मातीत दडते, रात्री वर येऊन खोड कुरतडते आणि पहाटे परत खाली जाते, त्यामुळे पानांवरचा फवारा तिच्यापर्यंत पोचतच नाही. मात्र आधी पडलेल्या रोपाचं खोड नीट बघा. स्वच्छ कापलेलं असेल तर अळी. जमिनीलगत पिचलेलं, पाणचट, दोऱ्यासारखं बारीक झालं असेल तर तो मर रोग, म्हणजे बुरशी. तिथे पाणी कमी करणं आणि हवा खेळती ठेवणं हाच उपाय. कोलमडलेलं रोप वाचत नाही.

अळी असेल तर पडलेल्या रोपाभोवतीची माती ४-५ सेंमी खोल बोटांनी उकरा. राखाडी-तपकिरी, गुबगुबीत, डिवचली की वेटोळं करणारी अळी बहुतेक वेळा तिथेच सापडते. ती काढून साबणाच्या पाण्यात टाका. उरलेल्या प्रत्येक रोपाला पुठ्ठ्याची नळी घाला: उंची ७-८ सेंमी, त्यातली २-३ सेंमी मातीत, बाकी वर. नळी आणि खोड यांच्यात बोटभर अंतर हवं, नाहीतर ओला पुठ्ठा खोडाला चिकटून तिथेच कूज सुरू होते. इथे एक चूक हमखास होते. माती न उकरता नळी बसवली, तर अळी आतच कोंडली जाते आणि रोप तिच्या ताब्यात जातं. खोड पेन्सिलीएवढं झालं की नळी काढून टाका.

पुढच्या हंगामासाठी: लावणीच्या दोन-तीन आठवडे आधी वाफ्यातलं तण पूर्ण काढा. पतंग तणावर अंडी घालतात, आणि ऐन लावणीच्या वेळी तण काढलं की भुकेल्या अळ्यांना खायला फक्त तुमची रोपं उरतात.

वांग्यावरची भोकं उडते भुंगेरे करतात. मोहरीच्या दाण्याहून लहान, काळे, चमकदार. हात लावला की पिसवेसारखे उडी मारतात. यावर सर्वात खात्रीचा उपाय म्हणजे बारीक विणीची कीटकरोधक जाळी किंवा पातळ नॉनवोव्हन (न विणलेलं) कापड, लावणीच्या दिवशीच. मच्छरदाणीची वीण यांच्यासाठी मोठी पडते. कमानींवर जाळी ताणा, पानांना टेकू देऊ नका, आणि चारही कडा मातीत पुरा. नुसते दगड ठेवले तर फटीतून आत येतात. ज्या वाफ्यात गेल्या हंगामात वांगी किंवा बटाटे होते तिथे जाळी उलटी पडते, कारण मातीत थंडी काढलेले भुंगेरे आतच बाहेर पडतात. म्हणून जागा बदला. फुलं यायला लागली की जाळी काढा. तोवर रोप एवढं वाढलेलं असतं की थोड्या भोकांनी त्याचं काही बिघडत नाही.

मिरचीबद्दल एक माहिती हवी आहे: पानं वर वळली आहेत की खाली?

————

उत्तर: विषय: टोमॅटो, मिरची, वांग्याची कोवळी रोपं...

दादांनी योग्य प्रश्न विचारला आहे. शेतकरी ज्याला चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतात त्यात दोन वेगळ्या किडी असतात. पानाच्या कडा वर वळून पान होडीसारखं झालं तर फुलकिडे. कडा खाली वळून पान उपड्या होडीसारखं, लांबट आणि देठ ताणलेला दिसला तर कोळी, म्हणजे पानातला रस शोषणारी अतिसूक्ष्म कीड (माइट). खात्री करायला शेंड्याखाली पांढरा कागद धरून शेंडा तीन-चार वेळा टिचकीने हलवा. फुलकिडे बारीक, लांबट, पिवळसर दिसतात आणि चपळ पळतात. हा कोळी इतका लहान असतो की दहापट भिंगाशिवाय दिसत नाही, म्हणून कागद कोरा दिसला तरी त्याला निर्दोष समजू नका.

आता फवाऱ्याचं. भांडी घासायचं लिक्विड हे साबण नसून डिटर्जंट आहे. ते पानावरचा मेणाचा थर धुऊन काढतं आणि वर त्यात सुगंध, रंग असतात. त्याऐवजी पोटॅश साबण घ्या, सुगंध नसलेला. रोपांसाठी लिटरला ५ मिली. मोठ्या झाडाला १० मिलीपर्यंत चालतं, रोपाला नाही. साबणाचं काम फक्त ओलं असेपर्यंत आणि अंगावर पडेल तेवढ्याच किडीवर होतं, त्यामुळे पानाची खालची बाजू आणि शेंड्याची घडी भिजलीच पाहिजे. वरून मारलेला फवारा वाया जातो.

पाणी जड असेल तर साबण फाटतो. बाटलीत मिसळून दहा मिनिटं ठेवा; वर पांढरी साय किंवा कण तरंगले तर ते पाणी बाद. पावसाचं किंवा डिस्टिल्ड पाणी घ्या. पुष्कळ जणांचा "साबणाने काही होत नाही" हा अनुभव इथूनच येतो.

आधी प्रत्येक जातीच्या दोनच पानांवर मारून ४८ तास थांबा. डाग पडले नाहीत तर बाकीच्यांवर. ऊन उतरल्यावर मारा. ३२ अंशांच्या वर तापमान असताना किंवा रोप तहानेलं असताना अजिबात नाही. रोज तर नकोच. दर ५-७ दिवसांनी, तीन वेळा. या अंतराला कारण आहे: साबणाने अंडी मरत नाहीत, म्हणून नव्याने बाहेर पडलेली पिल्लं मोठी होऊन पुन्हा अंडी घालण्याआधी पुढचा फवारा पडायला हवा.

————

उत्तर: विषय: टोमॅटो, मिरची, वांग्याची कोवळी रोपं...

कडुनिंबाबद्दल थोडी भर, कारण बाटली बघून घेतली नाही तर फसगत होते. थंड दाबाने काढलेल्या तेलात अझाडिरॅक्टिन असतं. ते किडीची भूक आणि कात टाकणं बिघडवतं, लगेच मारत नाही. दुसऱ्या दिवशी कीड तशीच दिसली म्हणून मात्रा वाढवू नका. गाळून पारदर्शक केलेल्या तेलातून मात्र अझाडिरॅक्टिन काढून टाकलेलं असतं. ते फक्त किडीचा श्वास कोंडतं. लेबल वाचूनच घ्या.

मिसळायचा क्रम असा: १ लिटर कोमट पाणी, त्यात साबण २ मिली, तो विरघळल्यावर तेल २-३ मिली बारीक धारेने, हलवत हलवत. तेल आधी टाकलं तर वर थर येतो, आणि शेवटच्या रोपावर शुद्ध तेल पडून पान करपतं. फवारतानाही बाटली सारखी हलवा. थंडीत तेल गोठलं तर बाटली कोमट पाण्यात ठेवा, उकळू नका. मिश्रण त्याच दिवशी संपवा. उन्हात ते लवकर निकामी होतं, म्हणून तेही संध्याकाळीच.

तेल मिळत नसेल तर निंबोळी अर्क चांगला. शेतावर ५ टक्के वापरतात, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर भिजवून दुहेरी कापडातून गाळलेली. रोपांना त्याच्या निम्मं करा. नीट गाळलं नाही तर नोझल तुंबतं.

कोळी निघाला तर पाण्यात मिसळणारं गंधकही चालतं, पण तेल आणि गंधक यांत किमान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. दोन्ही जवळजवळ पडले की पानं जळतात. आणि तंबाखूचं पाणी कुणीही सुचवलं तरी नको. निकोटीन माणसाच्या कातडीतूनही शरीरात जातं, आणि तंबाखूतून येणारा मोझॅक विषाणू टोमॅटो-मिरचीला सहज लागतो. त्या रोगाला औषध नाही.

————

उत्तर: विषय: टोमॅटो, मिरची, वांग्याची कोवळी रोपं...

सगळ्यांचे आभार. मिरचीची पानं वर वळलेली आहेत आणि कागदावर पिवळसर बारीक किडे पळताना दिसले. टोमॅटोची माती उकरल्यावर एक अळीही सापडली. आता एक नवीन: टोमॅटोच्या एका शेंड्याखाली हिरवा मावा आहे, मुंग्या आहेत, आणि काळा, नारिंगी ठिपक्यांचा, मगरीसारखा एक किडा फिरतो आहे. त्याला काढायचं का?

————

उत्तर: विषय: टोमॅटो, मिरची, वांग्याची कोवळी रोपं...

ताई, त्याला हातही लावू नका. ती ढालकिड्याची अळी आहे, आणि ती मावाच खाते. साबण तिलाही मारतो, म्हणून त्या रोपावर फवारा नको. मावा बोटांनी चिरडा किंवा खोडाला हाताचा आधार देऊन पाण्याच्या बारीक धारेने पाडा. खरी अडचण मुंग्यांची. त्या माव्याच्या गोड चिकट्यासाठी त्याची राखण करतात आणि ढालकिड्याला हुसकावतात. त्यांची वाट शोधून वारूळ रोपांपासून दूर असेल तरच मोडा, आणि रोपाचं पान कशालाही टेकत नाही ना ते पाहा. नत्राचं खत दोन आठवडे थांबवा. मावा लुसलुशीत वाढीवरच जमतो. तपकिरी, फुगीर, न हलणारा मावा दिसला तर तोही राहू द्या. त्याच्या आत परजीवी गांधीलमाशीचं पिल्लू वाढत असतं.

फुलकिड्यांसाठी मिरचीवर साबणाचा पहिला फवारा चाचणीच्या पानांना ४८ तास झाल्यावर, दुसरा त्यानंतर सहाव्या दिवशी. वळलेली पानं सरळ होणार नाहीत, त्यामुळे ती बघून निराश होऊ नका. नवीन येणारी दोन पानं सपाट निघाली तर तिसऱ्या फवाऱ्याची गरज नाही.