चार वर्षांच्या पोराला कसला दंड लावताय?

चिपळूणकर_रेडिंगात
इथल्या शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काल एका देशबांधवाने फर्मान काढलं: "शाळा बुडवून गणपतीला गावी जाणाऱ्यांनो, रिसेप्शनच्या (पहिलीआधीच्या वर्गाच्या) मुलांनाही दंड आहे. माणशी 80 पौंड. मुकाट भरा." खाली अकरा अंगठे. शाळेनेही सगळ्या वर्गांना एकच छापील पत्र धाडलंय, त्यात वयाचा उल्लेखच नाही. मी दोन ओळी लिहिल्या तर "पोस्ट काढा, मॅडम ग्रुपवर आहेत" म्हणून दटावलं. म्हणून इथे सविस्तर.

इंग्लंडात मूल चार पूर्ण झाल्यावरच्या सप्टेंबरात रिसेप्शनला बसतं, पण शाळेची सक्ती पाच पूर्ण झाल्यावर. तीही लगेच नाही. 31 डिसेंबर, 31 मार्च, 31 ऑगस्ट यांतली जी तारीख आधी येईल, तिच्या पुढच्या सत्रापासून. आमचं शेंडेफळ मे 2022 चं. त्याची सक्ती सप्टेंबर 2027 ला सुरू होणार, म्हणजे अख्खं रिसेप्शन सक्तीविना. मूल नियमित शाळेत गेलं नाही तर पालकांना गुन्हेगार धरणारं 1996 च्या शिक्षण कायद्याचं 444 कलम सक्तीच्या वयाच्या मुलांपुरतंच आहे. गुन्हाच नाही तर दंड कसला भरू? यंदा गणपती 14 सप्टेंबरला. आम्ही जाणार.

खुंटीवरचा_कोट
कायदा पाठ आहे, अभिनंदन. मी नऊ वर्षं रिसेप्शनच्या वर्गात सहायक आहे. सप्टेंबरचा दुसरा आठवडा कसा असतो ते सांगते. तीस मुलं, दोन-तीन मोठी माणसं. निम्म्यांना डब्याचं झाकण उघडत नाही, चार जणांना शू लागलेली सांगता येत नाही. आईचा हात सोडायला पोर तेव्हा कुठे शिकतंय, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही त्याला विमानात घालता. परत येतं तेव्हा बाकीच्यांना आपला कोट कुठल्या खुंटीला लावायचा ते ठाऊक असतं. हे एकटं मध्ये उभं, हातात कोट. दंड नाही म्हणून नुकसानही नाही, असं थोडंच आहे?

दोन_पोरांचा_बाप
धाकट्याला माफी, पण थोरलीचं काय? आमची यिअर टूमध्ये (रिसेप्शननंतरच्या दुसऱ्या वर्षात) होती, बहिणीच्या लग्नाला दोन आठवडे नेली. एका मुलामागे आई-बाप दोघांना वेगवेगळी नोटीस, म्हणजे 160 पौंड, तेही 21 दिवसांत भरले म्हणून. नाहीतर दुप्पट. तीन वर्षांत परत झालं तर माणशी थेट 160, आणि तिसऱ्यांदा दंडाचा प्रश्नच नाही, सरळ कोर्ट. तरी नाताळच्या तिकिटांपेक्षा स्वस्तात पडलं. 2023-24 मध्ये इंग्लंडभर 4 लाख 87 हजार नोटिसा निघाल्या, दहातल्या नऊ सुट्टीपायी. सगळे हाच हिशेब करतायत.

नियमाने_चाला
याच वृत्तीमुळे आपल्या लोकांचं नाव खराब होतं. शाळा चालू असताना मुलीला सुट्टीवर नेणाऱ्या आयल ऑफ वाइटच्या बापाला 2017 मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सुनावलंय, कायद्यातलं 'नियमित' म्हणजे शाळेच्या नियमांप्रमाणे. विषय संपला.

चिपळूणकर_रेडिंगात
संपला कसा? ती मुलगी सक्तीच्या वयाची होती. निकाल वाचून बोला. समजा रिसेप्शनची दोन पोरं एकाच टेबलावर बसतात, एक ऑक्टोबरचं, एक मेचं. जानेवारीत दोघं गावी गेली तर पहिल्याच्या घरी नोटीस येऊ शकते, दुसऱ्याच्या नाही. तुम्हाला विचित्र वाटत असेल तर खासदाराला लिहा, मला नको.

आणि गावी काय मजा मारायला नेतो? दोन आठवडे आजीजवळ राहिला की मराठी फुटते त्याला.

हाउन्स्लोची_मामी
दोन आठवड्यांत मराठी! इथे घरात तुम्हीच "शूज घाल, हरी अप, मिल्क फिनिश कर" करता, आणि आजीने पंधरा दिवसांत चमत्कार करायचा?

दोन_पोरांचा_बाप
मामी, लागलं. पण आमच्याकडे खरंच झालं. परतल्यावर लेकीने बाथरूममधून हाक मारली, "बाबा, टॉवेल दे गं." 'गं' आजीकडून उचललेला. तीन दिवस टिकला.

हाउन्स्लोची_मामी
तीन दिवस! मी रविवारी सकाळी सहा वर्षं मराठी वर्ग घेतलाय, फुकट. हजेरी बघायचीय? पोहण्याचा क्लास असला की दांडी, बर्थडे पार्टी असली की दांडी. तेव्हा कुणाला आजी आठवत नाही. मराठीच्या नावावर गावाची तिकिटं काढू नका, सरळ म्हणा मोदक खायला जातोय.

नियमाने_चाला
+1. शाळेला नावं ठेवणारे आधी स्वतःचं घर बघतील तर बरं.

चिपळूणकर_रेडिंगात
माझ्या घरात येऊन बघितलंत? आई 78 वर्षांची आहे. जिना चढवत नाही, इथे येणार कशी? मागच्या खेपेला पोराला ओळखलं नाही तिने, फोनवरचं तोंड वेगळं दिसतं म्हणाली. दंडाचं सोडा, माझी बिनशर्त माफी हवी असेल तर ती घ्या.

दोन_पोरांचा_बाप
अहो शांत व्हा. आणि कुणीही शाळेला आजारी म्हणून कळवू नका, मेहरबानी. आमच्या ओळखीतल्या एकाने 'ताप आहे' सांगितलं. सोमवारी पोराने वर्गात उभं राहून उंदराची गोष्ट सांगितली, आणि उंदरावरचा गणपती पाण्यात कसा बुडवला तेही. दातांत गूळ होता की नाही एवढंच विचारायचं राहिलं.

खुंटीवरचा_कोट
आम्हाला सगळं कळतं. पोरं काही लपवत नाहीत.

चिपळूणकर, आईचं वाचलं. दंड नाही, हे तुमचं खरं आहे. आमच्याही शाळेचं पत्र असंच ढोबळ असतं, ते मला आवडत नाही. पण मग सप्टेंबरात आणून, रडवून, उचलून नेता कशाला? मेचं पोर आहे ना, मिळालेली जागा राखून प्रवेश पुढे ढकलायचा हक्क आहे तुम्हाला. फक्त त्या शालेय वर्षाचं शेवटचं सत्र सुरू होईपर्यंत आणायला हवं. ऑक्टोबरच्या सुट्टीनंतर आणा. हवं तर अर्धा दिवस. मग हजेरीपटाचाही प्रश्न उरत नाही.

चिपळूणकर_रेडिंगात
हे छापील पत्रात का नाही?

बायको म्हणतेय, कोट ताई जिंकल्या. मी म्हणतोय बरोबरी. शाळेच्या ऑफिसला उद्या ईमेल करतो. मामी, तुमचा रविवारचा वर्ग अजून चालू आहे का?

हाउन्स्लोची_मामी
बंद केला मार्चमध्ये. तीन पोरं उरली होती.